पांढऱ्या पेशी कमी आणि सीआरपी-ईएसआर जास्त, हे रिपोर्ट एकत्र कसे वाचायचे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आणि बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वय ४१, आठ महिन्यांत तीन सीबीसी, तिन्ही वेळा पांढऱ्या पेशी ३,००० ते ३,४०० च्या मधेच. शेवटच्या रिपोर्टमध्ये ३,२००, त्यात न्यूट्रोफिल ५६ टक्के, लिम्फोसाइट ३० टक्के, हिमोग्लोबिन १०.९, प्लेटलेट २ लाख १० हजार. सीआरपी ८.६ आणि ईएसआर ४६ (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या), फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ३८. थायरॉइडची गोळी चालू आहे, पित्ताची गोळी तीन वर्षं रोज. एक डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल, दुसऱ्यांनी सीआरपी वाढलंय म्हणून अँटिबायोटिक दिलं, आणि मग रात्री नेटवर शोधलं तर ब्लड कॅन्सरच समोर आला. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिलंय की सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, पण ते कामामुळे असेल.

मला वाटतं खरा प्रश्न सीआरपी ८.६ वाईट की बरं हा नाहीये. पांढऱ्या पेशी कमी आहेत, कारण सापडत नाहीये, आणि त्याच वेळी शरीरात कुठेतरी इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, आहे असं रिपोर्ट सांगतोय, तर या दोन गोष्टी एकाच आजाराच्या आहेत की योगायोगाने एकाच कागदावर आल्यात, हे कसं ठरवायचं? मी गेली बरीच वर्षं रक्तविकाराच्या ओपीडीत बसते आणि हा प्रश्न तिथे सतत येतो. एक आधीच सांगते, गळ्यातल्या-काखेतल्या गाठी चाचपल्याशिवाय, पोटात प्लीहा हाताला लागतेय का ते बघितल्याशिवाय पक्कं निदान कोणीच करू शकत नाही, मीही नाही. पण विचार कोणत्या दिशेने करायचा ते नक्की सांगता येतं.

सगळ्यात आधी टक्केवारी बाजूला ठेवा आणि आकडे काढा. ३,२०० चे ५६ टक्के म्हणजे न्यूट्रोफिल साधारण १,८००. हा आकडा, ज्याला आम्ही एएनसी म्हणतो, १,५०० च्या वर आहे, म्हणजे जंतूंशी लढणारी मुख्य फौज तुमच्याकडे पुरेशी आहे. १,००० ते १,५०० म्हणजे सौम्य कमतरता, ५०० ते १,००० मध्यम, आणि ५०० च्या खाली गेलं की खरी काळजी. आता लिम्फोसाइट बघा, ३० टक्के वाचून वाटतं नॉर्मल, पण ३,२०० चे ३० टक्के म्हणजे ९६०, आणि मोठ्या माणसात हे १,००० च्या वर असायला हवं. म्हणजे तुमच्यात जास्त कमी झाल्यात त्या लिम्फोसाइट, आणि हे टक्केवारीत दिसतच नाही. कोणती पेशी कमी आहे यावरून कारणांची यादी पूर्ण बदलते, म्हणून माझ्याकडे कोणी रिपोर्ट घेऊन आलं की पहिलं काम हे गणित.

दुसरं, काउंट खरंच कमी आहे का? हा प्रश्न खुळा नाही. रक्तातले बरेचसे न्यूट्रोफिल कोणत्याही क्षणी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात, स्टँडवर उभ्या असलेल्या रिक्षांसारखे, आणि सुईत येतात ते फक्त रस्त्यावर धावणारे. काही माणसांत स्टँडवरचे जास्त असतात, काउंट कायम जरा कमी दिसतो आणि आयुष्यभर काही होत नाही. आफ्रिकी आणि अरब वंशाच्या बऱ्याच लोकांमध्ये डफी नावाच्या रक्तगटामुळे न्यूट्रोफिल कमीच असतात आणि तो आजार नसतो. कधी सॅम्पल तासन् तास पडून राहतं, कधी ट्यूबमधल्या रसायनामुळे पेशींचे गोळे होतात आणि मशीन कमी मोजतं. म्हणून पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरवून पॅथॉलॉजिस्टने डोळ्याने बघणं, हे मी कधीच सोडत नाही. पण तुमच्यात तीन वेळा, आठ महिने, तेच आलंय, त्यामुळे ते खरं धरून पुढे जाऊ.

आता मार्करबद्दल, म्हणजे दाह दाखवणाऱ्या या तपासण्यांबद्दल. सीआरपी आणि ईएसआर दोन्हीला लोक एकच समजतात, पण तसं नाहीये. सीआरपी लिव्हर बनवतं, शरीरात कुठे इन्फेक्शन किंवा दाह झाला की आयएल-६ नावाचा संदेश लिव्हरला जातो आणि सहा-आठ तासांत सीआरपी वाढायला लागतं, साधारण दोन दिवसांत सगळ्यात वर पोचतं, आणि कारण गेलं की झपाट्याने उतरतं, दर १९ तासांनी साधारण निम्मं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. ईएसआर ही मात्र थेट कोणती वस्तू मोजत नाही, लाल पेशी नळीत एका तासात किती खाली बसतात ते मोजते, आणि ते रक्तातल्या फायब्रिनोजेन आणि अँटिबॉडी अशा प्रोटीनवर अवलंबून असतं. त्यामुळे ती हळू वाढते, हळू उतरते, वयाने वाढते, बायकांमध्ये जास्त असते आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढते. बाईसाठी ढोबळ हिशोब म्हणजे वयात १० मिळवून निम्मं करायचं, म्हणजे तुमच्यासाठी २५ च्या आसपास. ४६ जास्तच आहे, पण त्यातला थोडा भाग हिमोग्लोबिन १०.९ चा आहे हे विसरायचं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण डॉक्टर मंडळीही यावर घाईत असतात. सीआरपी बनवतं ते लिव्हर, पांढऱ्या पेशी नाही. म्हणून पांढऱ्या पेशी अगदी कमी असल्या तरी सीआरपी वाढू शकतं. उलट न्यूट्रोफिल फार कमी असले की पू होत नाही, घसा नुसता जरा लाल दिसतो, एक्स-रे सुरुवातीला साफ असतो, म्हणजे इन्फेक्शनची नेहमीची लक्षणंच गायब असतात, आणि अशा वेळी चढत जाणारं सीआरपी ही मोठी मदत असते. पण पहिल्या काही तासांत ते नॉर्मल असू शकतं. त्यामुळे एएनसी ५०० च्या खाली, ताप १०१ किंवा तासभर १००.४ च्या वर, आणि सीआरपी नॉर्मल, असा पेशंट आला तर मी सीआरपीवर विसंबून घरी पाठवत नाही, ब्लड कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जायला हवा.

मार्कर दबलेले असण्याची कारणंही आहेत. स्टेरॉइड चालू असेल तर सीआरपी उतरतं आणि वरून पांढऱ्या पेशी वाढतात, कारण भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून रक्तात येतात, म्हणजे दोन्ही रिपोर्ट सुधारल्यासारखे दिसतात आणि आजार तिथेच असतो. सांधेदुखीसाठी लेबल नसलेल्या पुड्या घेणाऱ्या लोकांत हे मी वारंवार बघते, म्हणून प्रत्येकाला विचारते, अगदी न लाजता सांगा म्हणते. टोसिलिझुमॅबसारखं आयएल-६ अडवणारं इंजेक्शन घेतलं असेल तर सीआरपी जवळपास शून्य राहतं, आत काहीही चालू असो. आणि लिव्हर फारच खराब असेल तर ते सीआरपी नीट बनवूच शकत नाही.

उलट बाजूने, ३ ते १० मधलं सीआरपी वजन जास्त असलं, तंबाखू-सिगरेट असली, हिरड्या सुजलेल्या असल्या, गेल्या आठवड्यात सर्दी झाली असली तरी येतं. एकट्या ८.६ वर अँटिबायोटिक द्यायची गरज नव्हती असं माझं स्पष्ट मत आहे. आणि युनिट बघा! काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर, दोन्हींत दहापट फरक आहे. मागच्या लॅबचा ०.९ आणि या लॅबचा ८.६ हे जवळजवळ सारखेच असू शकतात, आणि लोक दहापट वाढलं म्हणून घाबरून येतात. हेल्थ पॅकेजमध्ये हल्ली न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशोही छापून येतो, तुमच्यासारख्या केसमध्ये त्याकडे बघू नका, एक पेशी मुळातच कमी असली की त्या भागाकाराला अर्थ राहत नाही.

मग ही जोडी वाचायची कशी? मी मनात साधारण असे गट करते.

काउंट कमी आणि मार्कर अगदी शांत. इथे पहिला संशय बी१२ चा. आपल्याकडे ही कमतरता किती पसरलीय हे पुण्याच्या केईएमच्या संशोधकांनी कधीच दाखवून दिलंय, आणि शाकाहारी, मेटफॉर्मिन घेणारे, वर्षानुवर्षं पित्ताची गोळी घेणारे यांच्यात तर ती शोधायलाच हवी. बी१२ च्या कमतरतेत एलडीएच (पेशी तुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढतं पण सीआरपी वाढत नाही. याच गटात औषधं येतात, थायरॉइड जास्त असणाऱ्यांची कार्बिमॅझोल, फिट्सची काही औषधं, क्लोझापिन, सल्फासॅलाझिन, को-ट्रायमॉक्साझोल. (तुमची थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन असेल तर ती यात नाही, पण नाव बघून खात्री करा, दोन्हीला लोक थायरॉइडची गोळीच म्हणतात.) प्लीहा मोठी झाली असेल तर तिथे पेशी अडकतात, तेव्हा बहुतेक वेळा प्लेटलेटही खाली असतात.

काउंट कमी आणि मार्कर खूप वर, ताप आहे किंवा वजन उतरतंय. इथे मी वाट बघत बसत नाही. टायफॉइड, पसरलेला टीबी, एचआयव्हीसोबतचं इन्फेक्शन, बिहारकडून आलेला पेशंट असेल तर काळा आजार, लिम्फोमा (लिम्फ गाठींचा कॅन्सर). फेरिटिन हजारोंत गेलं आणि तिन्ही प्रकारच्या पेशी पडायला लागल्या तर एचएलएच, ज्यात रोगप्रतिकार यंत्रणा बेभान होऊन स्वतःच्याच पेशी गिळते. मेथोट्रेक्सेट ही सांध्यांच्या आजारात आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चुकून रोज घेतलेले पेशंटही असेच येतात, तोंड सोलवटलेलं, काउंट तळाला, आणि इन्फेक्शन झाल्यामुळे सीआरपी वर. घरात कोणी ही गोळी घेत असेल तर आजच पाकिटावर वार लिहून ठेवा. साठीच्या पुढच्या पुरुषांसाठी आता आणखी एक नाव आलंय, व्हेक्सास, २०२० मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं, यूबीए१ नावाच्या जीनमध्ये जन्मानंतर झालेला बदल. ताप, कानाच्या कूर्चेची (मऊ पाळी सोडून वरच्या कडक भागाची) सूज, अंगावर लाल गाठी, लाल पेशी आकाराने मोठ्या आणि सीआरपी खाली यायचं नाव घेत नाही. हे लोक आधी वर्षानुवर्षं चामडी, सांधे, फुप्फुस अशा वेगवेगळ्या डॉक्टरांकडे फिरत असायचे, आता निदान नाव तरी देता येतं.

डेंग्यू यात कुठे बसतो असं विचाराल तर पावसाळ्यात आणि नंतर ते पहिलं कारण. काउंट दोन हजारांवर येतो, सीआरपी मात्र बहुतेक वेळा थोडंसंच वाढतं, आणि दोन-चार आठवड्यांत सगळं जागेवर येतं. म्हणून कोणत्याही तापानंतर काउंट कमी दिसला तर चार-सहा आठवड्यांनी परत करा. पण आठ महिने कोणतंच साधं व्हायरल टिकत नाही, तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं उत्तर पहिल्या रिपोर्टला बरोबर होतं, तिसऱ्याला नाही. आठ महिन्यांत हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही मात्र एकदा बघून घ्यायलाच हवेत, एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसीत मोफत आणि गुप्त होते, लाजायचं काही कारण नाही.

आणि तिसरा गट, काउंट कमी, ईएसआर चांगलीच वर, पण सीआरपी नॉर्मल किंवा जेमतेम जास्त. तुमचा रिपोर्ट इथे बसतो. ही विसंगती मला नेहमी थांबवते, कारण ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत, त्यातही त्वचा, सांधे, किडनी अशा अनेक अवयवांवर होणाऱ्या ल्युपसमध्ये, असंच दिसतं. ल्युपसमध्ये अँटिबॉडी खूप बनतात म्हणून ईएसआर चढते, पण इंटरफेरॉन नावाचा संदेश इतका जोरात असतो की लिव्हर सीआरपी फारसं बनवत नाही. लिम्फोसाइट कमी होणं हेही त्यातच बसतं. इतकं की ल्युपसच्या पेशंटचं सीआरपी अचानक ५०-१०० वर गेलं तर मी आजार बळावला असं समजण्याआधी इन्फेक्शन शोधते.

आता तुमची ती शेवटची ओळ. सकाळी बोटं आखडतात. मला तुमच्या सगळ्या रिपोर्टपेक्षा ती जास्त महत्त्वाची वाटली. किती वेळ आखडतात, दहा मिनिटं की तासभर? हलवल्यावर मोकळी होतात का? सांधा सुजतो का, अंगठी घट्ट होते का? उन्हात गेल्यावर गालावर लाली, तोंडात न दुखणारे व्रण, केस गळणं, थंडीत बोटं पांढरी पडणं, गर्भपात झालेले असणं, या सगळ्याची उत्तरं लिहून काढा. थायरॉइडचं कारण ऑटोइम्यून असेल तर दुसरा ऑटोइम्यून आजार असण्याची शक्यता तशीही थोडी जास्त असते. तुम्हाला ल्युपस आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया असं वाचू नका. एवढंच म्हणतेय की ब्लड कॅन्सरच्या आधी ही शक्यता तपासायची, आणि आजवर कोणीच एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ताची तपासणी, केलेली नाहीये.

एएनए इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने करा आणि टायटर, म्हणजे रक्त किती पातळ करूनही तपासणी पॉझिटिव्ह येते तो आकडा, लिहून मागा. नुसतं पॉझिटिव्ह आलं म्हणून हादरू नका, १:८० ला निरोगी माणसांत शंभरात साधारण तेरा जण पॉझिटिव्ह येतात. २०१९ च्या निकषांत एएनए हा फक्त दरवाजा आहे, त्यानंतर लक्षणांचे गुण मोजतात, पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली असण्याला ३ गुण मिळतात तेही दुसरं कारण नसेल तरच, आणि एकूण १० लागतात. सोबत लघवीची साधी तपासणी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, आणि रक्तातली सी३, सी४ ही प्रतिकारयंत्रणेची प्रोटीन. लघवीची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी, आणि ल्युपस किडनीत शिरलाय का हे तिथेच आधी कळतं.

फेरिटिनबद्दलही बोलायला हवं. ३८ नॉर्मलच्या रकान्यात छापलंय, पण फेरिटिन स्वतःच इन्फ्लमेशनने वाढतं, म्हणून दाह असताना मोठ्या माणसात ७० च्या खाली असेल तर लोह कमी आहे असं जागतिक आरोग्य संघटनाही धरते. म्हणजे तुमचं लोह बहुधा कमीच आहे. आणि पित्ताच्या गोळीमुळे बी१२ ही कमी असेल तर एकाने लाल पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी आकार मधोमध नॉर्मल दिसतो, मग कोणी शोधायलाच जात नाही. बी१२, फोलेट, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन हे इंजेक्शन किंवा टॉनिक सुरू करायच्या आधी पाठवा, नंतर बी१२ च्या आकड्याला काही किंमत राहत नाही.

बोनमॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी लागेल का, ही तुमची मोठी भीती. आत्ताच्या आकड्यांवर मी सुचवणार नाही. स्मिअरमध्ये कच्च्या किंवा विचित्र पेशी दिसल्या, दोन-तीन प्रकारच्या पेशी सोबत उतरायला लागल्या, एएनसी १,००० च्या खाली टिकून राहिलं, गाठी किंवा प्लीहा लागली, ताप-वजन घटणं असलं तर मात्र टाळू नका. तुमचं हिमोग्लोबिनही कमी आहे म्हणून मी लोह आणि बी१२ भरून आठ-दहा आठवड्यांनी परत बघेन, ते वर आलं तर ती वेगळी गोष्ट होती, नाही आलं तर मॅरोचा विचार पुढे येतो.

आणि एवढं सगळं करूनही काहीच सापडलं नाही तर? असं होतं, आणि असे लोक कमी नाहीत. चार महिन्यांहून जास्त काळ काउंट कमी, बाकी सगळं तपासून झालेलं, तर त्याला कारण न सापडलेली सायटोपेनिया, म्हणजे पेशींची कमतरता, म्हणून आम्ही नोंदवतो आणि बघत राहतो. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या संशोधकांनी न्यूट्रोफिल दीर्घकाळ कमी असणाऱ्या अशा लोकांचा, ज्यात मध्यमवयीन बायका जास्त, बरीच वर्षं अभ्यास केला आणि त्यांना बोनमॅरोमध्ये मंद, सतत धुमसणारा दाह दिसला, काही टी-पेशी जादा सक्रिय, टीएनएफसारखे दाहाचे संदेश वाढलेले, आणि त्यामुळे नव्या पेशी तयार होता होताच मरतात. म्हणजे अशांमध्ये जरासं वाढलेलं सीआरपी हा योगायोग नसून त्याच प्रक्रियेची खूण असू शकते. तरी बहुतेकांना वर्षानुवर्षं गंभीर इन्फेक्शन होत नाही आणि उपचारही लागत नाही. वय जास्त असेल तर मात्र मॅरोतल्या पेशींमध्ये टीईटी२, डीएनएमटी३ए अशा जीनचे बदल झालेत का हे बघण्याला अर्थ आहे, कारण ते सापडले तर पुढे एमडीएसकडे, म्हणजे मॅरो नीट पेशी बनवू न शकण्याच्या कॅन्सरसारख्या आजाराकडे, जाण्याचा धोका वाढतो आणि फॉलो-अप जवळचा ठेवावा लागतो. ४१ व्या वर्षी, प्लेटलेट आणि एएनसी ठीक असताना, ती टेस्ट मी पहिल्या फेरीत करणार नाही, महाग आहे आणि उत्तर देणार नाही.

काय करू नका तेही सांगते. काउंट वाढवायचं इंजेक्शन घेऊ नका, एएनसी १,८०० असताना त्याने फक्त दोन दिवस आकडा छान दिसतो. तपासण्या व्हायच्या आधी स्टेरॉइड घेऊ नका, नंतर खरं चित्र कळणं अवघड होतं. पपईच्या पानांचा रस काउंटसाठी सुरू केलाय असं लिहिलंय, तो बंद करा, लिव्हरच्या रिपोर्टमध्ये काही दिसलं तर ते कशामुळे हे कळणार नाही. आणि दर आठवड्याला सीबीसी करू नका, ३,२०० चे ३,००० झाले तर तो रोजचा चढउतार आहे.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात स्मिअरसकट सीबीसी, लघवी, एएनए, बी१२-फोलेट-लोह, एलडीएच, लिव्हर-किडनी, तीन व्हायरसच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी. तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, सर्दी-ताप नसताना, सीआरपी आणि ईएसआर परत. पैशांची अडचण असेल तर स्मिअर, लघवी, एएनए आणि बी१२ आधी, बाकी नंतर चालेल. भेटायचं आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (सांधे आणि ऑटोइम्यून आजारांचे डॉक्टर) किंवा चांगल्या फिजिशियनना, सगळे जुने सीबीसी, अगदी बाळंतपणाच्या वेळचेसुद्धा सापडले तर घेऊन जा, कारण दहा वर्षांपूर्वीही काउंट ३,५०० होता असं निघालं तर विचारच बदलतो. मधल्या काळात १०१ ताप आला, तोंडात व्रण उठले, पायावर किंवा डोळ्यांखाली सूज आली, किंवा धाप लागायला लागली तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

एएनएचा टायटर, लघवीतलं प्रोटीन आणि बोटं किती वेळ आखडतात, या तीन गोष्टी आल्या की इथेच खाली लिहा, मी बघते.